एक कपाट की दोन

कासलबार, आयर्लंड, ३ ऑक्टोबर २०२१

प्रिय अहो,

एवढं लिहिलं आणि एकटीच हसत बसले. एकेचाळीस वर्षं ही हाक मारतेय, पण कागदावर लिहायची वेळ कधी आली नाही. माहेरी गेले तरी चौथ्या दिवशी तुम्ही न्यायला हजर. आता वीस महिने झाले. फोनवर बोलावं तर 'बरं, बरं, मजेत आहे मी' म्हणून ठेवून देता, आणि इकडे आशुतोष-कौमुदी शेजारीच बसलेली असतात. लेक असो की सून, काही गोष्टी त्यांच्यासमोर नवऱ्याला विचारता येत नाहीत.

तर खोली झाली. आशुतोष तिला 'आई-बाबांची खोली' म्हणतो. मे महिन्यात मागचं अंगण खणलं तेव्हापासून घरात नुसता राडा होता. डेक्लन नावाचा कंत्राटदार, माणूस चांगला, पण दिवसातून पन्नास वेळा 'ग्रँड', म्हणजे 'छान', म्हणणार. पाऊस आला तरी ग्रँड, खिडकी चुकीच्या मापाची आली तरी ग्रँड. जमिनीचं प्रकरण मला कितीतरी दिवस कळलंच नाही. आधी थर्मोकोलसारखे जाड तक्ते, त्यावर कुरडईसारखी वेटोळी घातलेली लांबच लांब नळी, आणि वरून सगळं काँक्रीटने बुजवून टाकलं. नळीतून गरम पाणी फिरणार आणि जमीन खालून तापणार म्हणे. मी विचारलं, गळली तर? गळत नाही, म्हणाला. आपल्या न्हाणीघरातला नळ आठ वर्षं गळतोय, माझा कसा विश्वास बसावा?

काँक्रीट वाळायलाच कितीतरी आठवडे गेले. मागच्या सोमवारी ती जमीन पहिल्यांदा सुरू केली. सगळे कामाला गेल्यावर मी हात लावून पाहिला, गारच. भिंतीवरचं बटण थोडं वाढवलं. तासाने पुन्हा गार, पुन्हा वाढवलं. असं चारदा केलं. ही जमीन तापायलाच अर्धा दिवस घेते, हे मला कोण सांगणार? दुपारी स्वरांगी झोपून उठली तेव्हा खोलीची भट्टी झालेली; सगळ्या खिडक्या उघडून आजी-नात बाहेर अंगणात. कौमुदी हसून हसून दमली.

पण दुसऱ्या दिवशी मी त्या जमिनीवर मांडी घालून बसले. खरंच मांडी घालून. पूजा झाली, स्वरांगीला भरवून झालं, आणि उठताना कुणाचा हात धरावा लागला नाही. मला रडू आलं. आनंदाचं असावं, पण खात्री नाही. तुम्ही तिथे स्वतःचा चहा स्वतः करून पिताय आणि मी इथे पाय शेकत बसलेय, हे मला कसं आवडू शकतं? पण आवडलं. खोटं कशाला बोलू.

आशुतोष म्हणतो, आता इथेच राहा, कागदपत्रांचं मी बघतो. मी 'बघू' म्हणते. सकाळी वाटतं राहावं, संध्याकाळी वाटतं आत्ताच्या आत्ता पुण्याला निघावं. परवा व्हिडिओत तुमच्या मागे पलंग दिसला. माझ्या बाजूला तुम्ही उघडे रेडिओ मांडून ठेवलेत, स्क्रू, तारा, सगळं. माझी आठवण येते म्हणून जागा भरून काढलीत, की जागा मिळाली म्हणून दुकान मांडलंत? दोन दिवस तेच डोक्यात आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जुलैत नळी टाकायच्या आधी डेक्लनने मला विचारलं, भिंतीतली कपाटं एक की दोन? इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. त्याच्याखालून नळी नेत नाहीत, आणि काँक्रीट पडल्यावर काही बदलता येत नाही. मी म्हटलं, दोन. त्याने नकाशा दाखवला. त्यावर कपाट एक, आणि पलंगही एकाचाच. मला वाटलं कौमुदीची काटकसर. दोन दिवस बिचारीशी धड बोलले नाही. शेवटी आशुतोषने सांगितलं की हे बाबांनीच कळवलंय. 'मी येणार नाही, तिचे गुडघे दुखायचे तिथे थांबलेत, तिला तिथेच राहू दे, एकाचीच सोय पुरे.' तीन महिने हे पोटात घेऊन फिरतेय मी. ही माया आहे, की मी नसण्याची सवय झाली? मला खरंच कळत नाही. आणि माझं आयुष्य परस्पर ठरवताना मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? कपाटं मी दोनच करून घेतली आहेत. एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, लंडनवरून. मुंबईला घ्यायला येऊ नका, घरीच थांबा. आणि जे मुलाला फोनवर सांगितलंत ते माझ्यासमोर उभं राहून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणून दाखवा. म्हणता आलं तर मी एकटी इथे परत येईन.

तुमचीच, अजून तरी,
पद्मिनी