बटाट्याला सोबत

४ मे, रविवार

लेक आज नव्या नोकरीच्या गावाला गेली. सहा आठवडे ट्रेनिंग, तोवर कंपनीच्या होस्टेलमध्ये चौघींत एक खोली, त्यामुळे मासा नेता येत नाही. मासा माझ्यावर सोपवला. एंजल जातीचा आहे, माझ्या तळहाताएवढा, नाव बटाटा. घरी आणला तेव्हा आठवडाभर कोपऱ्यात नुसता पडून होता, म्हणून हे नाव.

जाताना टाकीवर चिठ्ठी चिकटवून गेली. सकाळी चिमूटभर दाणे, संध्याकाळी चिमूटभर, बाकी काही करायचं नाही. ‘बाकी काही करायचं नाही’ खाली दोन रेघा.

सहा आठवड्यांनी स्वतःची खोली मिळाली की बटाटा न्यायचा की इथेच ठेवायचा ते बघू, म्हणाली. मी म्हटलं, आता हा इथलाच समज. आमच्या कंपनीच्या पर्सोनेल खात्यात एकोणतीस वर्षं काढली आहेत. चारशे माणसं सांभाळतो, एक मासा म्हणजे किस झाड की पत्ती.

संकल्प: चिठ्ठीबाहेर जायचं नाही.

६ मे, मंगळवार

बटाट्याचं निरीक्षण, पाऊण तास. मी खुर्ची ओढून बसलो की काचेपाशी येतो. माझा लळा लागला असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्याला दाणे हवेत.

एक चिमूट जादा घातली. चिमूट कोणाची हे चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

११ मे, रविवार

संध्याकाळी सातला लेकीचा फोन. कॉलेजात असल्यापासून तिचा फोन म्हणजे आईशी अर्धा तास, आणि शेवटी, बाबा बराय ना? आज मात्र पहिलं वाक्य, बाबाला दे. बटाटा काय करतो, खातो का, रंग कसा आहे, सगळं विचारलं. माझ्याशी अकरा मिनिटं. आईशी सहा.

मला फार आनंद झाला. हिला तसं दाखवलं नाही.

एकच अडचण. अकराव्या मिनिटाला सांगण्यासारखं संपलं. मासा डावीकडून उजवीकडे जातो, मग उजवीकडून डावीकडे. पुढच्या रविवारी हेच पुन्हा कसं सांगणार?

१२ मे, सोमवार

आज लक्षात आलं की बटाटा एकटा पडला आहे. त्याला सोबत हवी. याचा फोनशी संबंध नाही.

१३ मे, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर माशांच्या दुकानात. मालक तिथेच स्टुलावर बसलेला असतो, अर्ध्या बाह्या कायम ओल्या. त्याने विचारलं, आधीचा मासा केवढा? मी तळहात दाखवला. तो म्हणाला, साहेब, नियम एकच. जो तोंडात मावतो तो शेजारी नाही, तो खुराक.

उमेदवार निवडण्याची ही फारच ढोबळ पद्धत झाली. मी स्वतः वीस मिनिटं काचेसमोर उभा राहून मुलाखती घेतल्या. निऑन टेट्रा पसंत पडले. बोटाच्या पेराएवढे, निळा-लाल गणवेश, सगळे एका दिशेने जातात, कोणी कोणाला ढकलत नाही. आमच्या डिस्पॅच खात्यात असा एक माणूस नाही. दहा घेतले.

मालकाने मान हलवली, पण पिशवी बांधून दिली.

१४ मे, बुधवार

नवे रुजू झाले. बटाट्याने इतका उत्साह कधीच दाखवला नव्हता. प्रत्येकाजवळ जाऊन जातीने चौकशी केली. ज्येष्ठ कर्मचारी असावा तर असा. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, तो असा का बघतोय?

१५ मे, गुरुवार

हजेरी: नऊ. एक फिल्टरच्या मागे असणार. नव्या जागी बुजतात.

१६ मे, शुक्रवार

हजेरी: सात. फिल्टरच्या मागे तीन मावत नाहीत, तेव्हा इतरत्रही जागा असणार.

बटाट्याने दाणे खाल्ले नाहीत. बहुधा जबाबदारीचं दडपण. बायको म्हणाली, पोट भरलंय त्याचं. हिला प्रत्येक गोष्टीत स्वयंपाकघर दिसतं.

१८ मे, रविवार

फोन. बटाट्याला मित्र आणले, असं सांगितलं. मग तिने विचारलं, कोणते मित्र? म्हटलं, छोटे. किती? म्हटलं, बरेच. (आजची हजेरी पाच, पण आकड्यात काय आहे.) ती म्हणाली, बाबा, प्लीज आता आणखी काही आणू नकोस. मग पाणी किती बदलतोस, लाईट किती वेळ असतो, बारीकसारीक सगळं विचारलं.

चौदा मिनिटं. उच्चांक. सोबतीची कल्पना सर्व बाजूंनी यशस्वी.

२० मे, मंगळवार

हजेरी: तीन. गुन्हेगार सापडला, फिल्टर. तो ओढून घेतो. तोंडाला माझा एक मोजा बांधला. बायको म्हणाली, निदान धुतलेला तरी घ्यायचा. धुतलेलाच होता, मला वाटतं.

फिल्टर उघडून पाहिला. आत एकही टेट्रा नाही. पुरावा नष्ट झाला असावा.

२२ मे, गुरुवार, सकाळी ७.१०

हातात चहा. हजेरी दोन. मी बघत असतानाच बटाटा शांतपणे पुढे आला, तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर निळी शेपटी तेवढी. मग तीही नाही.

एका घटनेवरून कोणाबद्दल मत बनवू नये. हे मी स्वतः कंपनीच्या नियमपुस्तकात लिहिलं आहे.

संध्याकाळी ६.३०

हजेरी: शून्य.

बायकोने मोजा काढून धुवायला टाकला.

२३ मे, शुक्रवार

डोकं थंड ठेवून विचार केला. कल्पना बरोबर होती, उमेदवार मवाळ निघाले. स्वतःची बाजू लावून धरणारे हवेत. आता रविवारी मित्रांची चौकशी होणार आणि सांगायला मित्र नाहीत, हा मुद्दा गौण.

२४ मे, शनिवार

पुन्हा दुकान. मालकाने ‘कसे आहेत टेट्रा’ असं विचारलंच नाही. समजूतदार माणूस. म्हणाला, त्याला एकटाच राहू द्या, नाहीतर हे कोरी न्या, तळाशी राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पाहिले. दिवसभर वाळू हुंगत फिरतात. महत्त्वाकांक्षा नावाला नाही.

शेजारच्या टाकीत टायगर बार्ब. अंगावर काळे पट्टे, चपळ, सारखी धावपळ. बटाट्याच्या तोंडात मावणार नाहीत असे सहा मोठे निवडले, म्हणजे मालकाचा नियमही पाळला. तर आता त्याचा दुसरा नियम निघाला. हे लांब पंखवाल्यांचे पंख कुरतडतात, म्हणाला. दोनदा म्हणाला, आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. कोणाबद्दल कोणीतरी काहीतरी बोलतच असतं. मी अशा लोकांना संधी देऊन माणसं घडवली आहेत.

२५ मे, रविवार

फोन. मित्र मजेत आहेत, सांगितलं. हे खोटं नाही, मित्र बदलले आहेत एवढंच. फोटो पाठव, म्हणाली. मागच्या महिन्यातला बटाट्याचा एकट्याचा छान फोटो होता, तो पाठवला. मित्र कुठे आहेत, तिने विचारलं. म्हटलं, फोटोला लाजतात.

तेरा मिनिटं.

२७ मे, मंगळवार

सहाही हजर. बटाटा जिथे जाईल तिथे मागोमाग जातात. नेतृत्व मान्य केलेलं दिसतं.

२९ मे, गुरुवार

बटाट्याचे पंख आखूड वाटतात. अंग वाढलं की तसं दिसतं.

बायको चष्मा लावून टाकीसमोर वाकली आणि म्हणाली, अहो, कुरतडून ठेवलेत की हो त्यांनी. मी म्हटलं, नवीन जागी थोडी घासाघीस होतेच. ऑफिसात पर्चेस आणि सेल्स एका खोलीत आणले तेव्हाही झाली होती. तेव्हा मधे पार्टिशन घातलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा कटिंग बोर्ड टाकीत उभा बसवला. डावीकडे बटाटा, उजवीकडे सहा जण. दहा मिनिटं अगदी आदर्श व्यवस्था. मग पहिला वरून गेला. त्याच्या मागून पाच.

रात्री भाजी चिरायला बोर्ड नाही, म्हणून ब्रेड खाल्ला.

१ जून, रविवार

आज तिने व्हिडिओ कॉल केला. नेटवर्कचं निमित्त करून पाच मिनिटं छत दाखवलं. बटाटा दाखव, म्हणाली. नशिबाने मासा समोरून धरला तर नुसती एक उभी रेघ दिसते, पंख कळत नाहीत. तो वळला की मीही फोन घेऊन वळायचो. ती म्हणाली, बाबा, तू टाकीभोवती का फिरतोयस? म्हटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

नऊ मिनिटं. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला होता.

३ जून, मंगळवार

बटाटा कोपऱ्यात पडून आहे. दाण्यांकडे बघत नाही. शेपटीची नुसती झालर उरली आहे, तीही फाटलेली. मी खुर्ची ओढली तरी काचेपाशी आला नाही.

मला भीती वाटते. लिहिलं की हलकं वाटतं म्हणतात. नाही वाटत. हा गेला तर तिला काय सांगू? आणि मग रविवारी ती कोणत्या कारणाने मला फोनवर बोलावेल?

४ जून, बुधवार

दुकानदाराला फोन. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बार्ब आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, दोन दिवस दाणे बंद, रोज थोडं पाणी बदला. बार्ब परत घेणार नाही, असंही म्हणाला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: घरात आजारपण. सहा बार्ब चहाच्या गाळणीने पकडायला दोन तास लागले. पहिले पाच दीड तासात, सहाव्याने उरलेला अर्धा तास घेतला आणि सगळी झाडं उपटली गेली. शर्ट, जमीन, सोफा ओला. सहाही जण बादलीत. गाळणी आता माशांची, असं बायकोने जाहीर केलं.

बदलायला नळाचं पाणी घेणार, तेवढ्यात हिने थांबवलं. न्हाणीघरात दोन बादल्या कालपासून भरून ठेवल्या होत्या. नळाचं ताजं पाणी चालत नाही, एक दिवस उघडं ठेवावं लागतं. तुला कोणी सांगितलं, विचारलं. लेकीने, म्हणाली.

कधी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

७ जून, शनिवार

बटाट्याने एक दाणा तोंडात घेतला. थुंकला. पुन्हा घेतला. गिळला.

मी डोळे पुसले. बायकोने बघितलं. म्हटलं, पाणी उडालं.

८ जून, रविवार

ठरवलं, आज सगळं खरं सांगायचं. मुद्दे कागदावर काढले. फोन आल्यावर म्हटलं, टाकीत थोडी पुनर्रचना केली आहे. ती म्हणाली, बाबा, मला माहीत आहे. आई रोज सांगते. टेट्रांचं कळलं त्या दिवसापासून.

म्हणजे ती चौदा, तेरा, नऊ मिनिटं गप्पांची नव्हती. ती काळजीची होती. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं, मी पुढे काय करतो याचा अंदाज घ्यायचा होता.

पहिली अकरा मात्र गप्पांचीच. तेव्हा मी काही केलं नव्हतं. ती माझी.

१५ जून, रविवार

लेक आली. ट्रेनिंग संपलं, खोली मिळाली. चपला न काढता टाकीपाशी गेली. बटाटा लगेच काचेला आला. ती किती तरी वेळ बघत राहिली. रागावेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. रागावली नाही. म्हणाली, पंख येतील परत, आणि मग हळूच, बाबा, तो माझ्याकडेच बरा.

म्हटलं, अर्थात. मी तरी हेच सुचवणार होतो.

झाकणाच्या बादलीत घालून नेला. टॅक्सीपर्यंत बादली मी धरली, हिंदकळू दिली नाही. ती मांडीवर घेऊन बसली. बार्बचं काय करू, विचारलं. म्हणाली, ते तुझे आहेत.

बादलीतले सहा जण आता टाकीत धावपळ करतात. मी खुर्चीवर बसलो तर एकही वळून बघत नाही.

२२ जून, रविवार

सातला फोन वाजला नाही. सव्वासातला मीच लावला. बाप-लेकीला बोलायला मासा कशाला लागतो? विषयांची यादी केली होती: तिची खोली, ऑफिस, वरिष्ठ कसे आहेत, जेवणाचं काय.

तिने लगेच उचलला. घाबरून विचारलं, बाबा, काय झालं? म्हटलं, काही नाही, सहज. खोली बरी आहे, म्हणाली. ऑफिस बरं. वरिष्ठ बरे. जेवण बरं. यादी संपली. बटाटा कसा आहे, विचारलं. मस्त आहे, म्हणाली.

मग म्हणाली, बरं बाबा, आई आहे का जवळ?

होती. दिला फोन.