भिमाजी ऑफ आहे

चिरंजीव भिमाजी (चिरंजीव पुरतं लिहिलंय, नुसतं चि. नाही, म्हणजे परत कुणाला शंका नको) यास पिंपळवंडीहून थोरली बहीण साळुबाई हिचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून. तुझी तब्येत विचारत नाही. ती मी परवा डोळ्यांनी बघून आले, चांगली ठणठणीत आहे.

यंदा भाऊबीजेला येणार नाही असा तू निरोप धाडलास आणि फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी चूक कुणाची ते ठरू दे. मी फोन केला तुझ्या गुडघ्याला तेल लागू पडलं का ते विचारायला. उचलला तुझ्या नातसुनेनं, श्रेयानं. म्हणाली, "आजोबा आज ऑफ आहेत." आता तूच सांग, आपल्याकडं माणूस गेला तर हल्ली कुणी वारला म्हणतं का? ऑफ झाला म्हणतात. कधी गं, म्हटलं. तर म्हणे, पहाटेच टेम्पोतनं आणून सोडलं. आता कुठं आहेत? ओसरीवर, तोंडावर चादर घेऊन. आणि ठकू? आजी फुलं आणायला गेल्यात. एवढ्यात फोन बंद पडला. (तू बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजवर रातपाळीचा वॉचमन आहेस, तुला आठवड्याला सुट्टी असते, तुझी बायको झेंडू तोडायला जाते, हे सगळं मला ठाऊक आहे. पण तशा वेळेला माणूस झेंडूचा विचार करतो का?)

शेजारच्या चांगदेवनं बेल्ह्याच्या बाजाराला न्यायला गाय टेम्पोत चढवलेली. तिला उतरवायला वेळ कुठला? गाय, मी आणि आळीतल्या बाया, अशा आम्ही उलट्या बाजूला मंचरच्या रस्त्याला लागलो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरीची पाटी माझ्या मांडीवर, आणि गायीचं तोंड त्या पाटीत. नारायणगावात पारसच्या दुकानापाशी टेम्पो थांबवून ठकूसाठी दुखवट्याची साडी घेतली, दहाव्याला परत हेलपाटा नको म्हणून. पारस म्हणाला, "आजी, ही ऑफ व्हाईट घ्या. आज वीस टक्के ऑफ आहे." मी म्हटलं, वीस टक्के कसा बाबा, पुरता गेला.

तुझ्या वेशीपासूनच आम्ही सूर लावला. तू बनियनवर उठलास, आम्हांला बघितलंस, आणि काही एक न विचारता तूही गळा काढलास. गळ्यात गळा घालून आपण दोघं किती रडलो! मग तू नाक पुसून विचारलंस, "अक्का, कोन गेलं गं?" मी म्हटलं, "तू!"

ह्यात राग येण्यासारखं काय आहे? उलट रडायला कोण कोण येतं ते तुला फुकटात बघायला मिळालं. पण मी तुला ओळखते. तुझा राग मारल्याबद्दलचा नाहीच. मी रडताना, "कसा का असंना, माझा भाऊ व्हता रं," असं म्हणाले, त्याचा आहे. भिमाजी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं लागतं, म्हणून तेवढ्यावर थांबले. आणि एवढा राग होता तर स्वतःच्याच सुतकाचं पिठलं चापून खाल्लंस कसं? वर मीठ कमी म्हणालास.

घरी आल्यावर आमच्या अक्षदाला (ती आता अकरावीला आहे) विचारलं, हा ऑफ आहे तरी काय? ती म्हणाली, आजी, ते कधी शब्दयोगी अव्यय असतं, कधी क्रियाविशेषण, कधी विशेषण. 'टेक'च्या मागं लागलं की विमान उडतं, 'पुट'च्या मागं लागलं की काम पुढं ढकललं जातं, 'शो'च्या मागं लागलं की माणूस मिरवतो. म्हणजे स्वतःचं काही नाही, ज्याच्या मागं उभा राहील त्याच्यासारखा वागणार. आपला मधला जानकू अगदी असाच आहे. दिवा ऑफ, मूड ऑफ, माणूस ऑफ. दिवा परत लागतो, तुझा मूड काही लागंना. आणखी एक गंमत सांगितली तिनं. ह्याला दोन एफ असतात. एक एफ काढून टाकला की त्याचं नुसतं चा-ची-चे होतं. एका अक्षरात माणूस जातो आणि एका अक्षरात कुणाचा तरी होतो. असली भाषा हातात देऊन पोरींना फोन उचलायला बसवू नये. श्रेयाला सांग, पुढच्या खेपेला सुट्टी म्हण. सुट्टीनं अजून कुणाच्या दारात रडणं आलेलं नाही.

ठकूला आणि पोराबाळांना आशीर्वाद. मीठ जपून खा.

तुझी अक्का,
साळुबाई

ता. क. साडी परत धाडू नको. ठकू तेव्हाच पदर चाचपून म्हणाली होती, "वन्सं, पोत चांगलाय." ठेवून दे म्हणावं तिला, कधी ना कधी लागंलच.

आणखी ता. क. पाकिटावर अक्षदानं तुझ्या नावाखाली इंग्रजीत 'साळुबाईचा भाऊ' असं लिहिलंय. त्यात एकच एफ आहे. मी बोट ठेवून बघितलाय.

शेवटचं. करंज्या तुला आवडतात तशा, खोबरं जास्त घालून केल्यात, आणि ह्या घरात दुसरं कुणी त्या खात नाही. मुकादमाला आजच सांगून भाऊबीजेला ऑफ घे. ऑफ घे म्हणतीय मी. होऊ नको.