पालथा चमचा

सोमवार, ३ मार्च
बेचाळिसाव्या वर्षी युनिफॉर्म! तांजोंग पगारच्या बँकेतली नोकरी सुटली, आता बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांच्या होममध्ये शिकाऊ नर्स. दोन दिवस कॉलेज, बाकी इथे; काम करता करता डिग्री. रिया म्हणाली, "नॉट बॅड लाह, मम्मा." पंधरा वर्षांच्या पोरीकडून एवढं म्हणजे पुरस्कारच. नवऱ्याला जहाजावर फोटो पाठवला.

नूर सिस्टर माझी सुपरवायझर. माझ्याहून लहान, पण काय दरारा!

गुरुवार, ६ मार्च
मला सेंग दिलाय. वय शेहेचाळीस. बोलत नाही, गिळायला त्रास, म्हणून जेवण सगळं वाटून मऊ. जेवतो ते फक्त आईच्या हातून. टॅन आंटी, अठ्ठ्याहत्तरच्या, बुकित पंजांगहून दोन्ही वेळा येतात, काठी टेकत. महिनाअखेरीच्या सुमारास त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, तारीख ठरायचीय. "मी नसताना हा उपाशी राहील," एवढंच बोलल्या. तोवर त्याने माझ्या हातून जेवायला हवं.

मंगळवार, ११ मार्च
माती खाल्ली मी आज.

सेंग चक्क माझ्याकडून खात होता. आंटी शेजारी, खूश. त्याच्या हातात स्वतःचा एक चमचा असतो, तो त्याने ट्रेवर पालथा घातला. म्हणजे पुरे. आंटींनी हे आधीच सांगितलं होतं. पण वाडग्यात निम्मं पॉरिज! आपल्याकडे पहिलं 'नको' कोण खरं धरतं? ते भिडेचं, वाढणारीने वाढायचंच असतं. म्हटलं, "हा एकच, चिऊचा..." चिऊचा! माझ्याहून मोठ्या माणसाला! आणि घातला घास.

ठसका. चेहरा लालबुंद. नूर धावली, त्याला पुढे वाकवलं, निभावलं.

नूर नंतर हळूच म्हणाली, "त्याच्याजवळ एकच शब्द आहे. तू तोही ऐकला नाहीस." ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १२ मार्च
मला बघताच सेंगने तोंड घट्ट मिटलं. दिवसभर.

वाटलं, आंटी मला बदलून मागतील. त्यांनी सोया मिल्कचा ग्लास हातात दिला. "उद्या परत बस. भरवू नको, नुसती बस." मी त्यांच्या जागी असते तर मला हाकललं असतं. देवमाणूस आहेत.

बुधवार, १९ मार्च
नुसती बसतेय. आंटी भरवतात, मी चमचा बघते. पालथा झाला की आंटींचा हात तिथल्या तिथे थांबतो. जबरदस्ती नाही, लाडीगोडी नाही. कॉलेजात संमतीवर लेक्चर झालं. छान होतं. आंटींचा हात जास्त छान.

ऑपरेशन २ एप्रिलला.

रविवार, ३० मार्च
पाडवा. लिटिल इंडियातून चक्का आणून श्रीखंड केलं. चार मंडळी जेवायला. कुणी 'नको' म्हटलं की मी डाव मागे. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. सगळे अर्धपोटी गेले, दुसरं काय! मैत्रीण वीणाने निघताना दारात विचारलं, "अगं, आमचं काही चुकलं का?" रिया हसून हसून बेजार.

मंगळवार, १ एप्रिल
दुपारी आंटी म्हणाल्या, "टॉयलेटला जाऊन येते." आणि परत येईनात. लबाड!

मी आणि सेंग. वाडगा समोर. चमचा त्याच्या ओठांजवळ नेला, थांबले. बराच वेळ काही नाही. मग तोंड उघडलं. घास गेला. आणखी थोडे गेले.

मग पालथा चमचा. वाडगा निम्म्याहून जास्त भरलेला. हात कसा शिवशिवला, माझं मला माहीत. वाडगा खाली ठेवला. "बरं, सेंग. पुरे." हात मांडीवर घेतले.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे. आणि चमचा आपणहून सुलटा केला.

रडू आलं. पण आधी भरवलं. पुन्हा पालथा झाला, तेव्हा थांबले.

दाराच्या काचेआड आंटी डोळे पुसत होत्या. ह्या दोघांनी मला ठेवून घेतलं, हे उपकार कसे फेडू?

उद्या त्या नसतील. दुपारी सेंग दाराकडे बघत बसणार. जेवेल का, खरंच ठाऊक नाही. आंटींना वचन दिलं नाही त्याचं. एवढंच म्हटलं, "तो नको म्हणाला, तर मला ऐकू येईल."