अक्कानं कोणती मशीन घ्यावी

१२ नोव्हेंबर, बुधवार

आधी रविकिरण आत आला, चपला पायातच, अन् म्हणतो, "मौशी, गाडीत कोणाला आणलंय बघ." मला वाटलं बायको असंल. बघते तर अक्का! माझी सिद्धम्मा अक्का, औशाहून, फोन नाही काही नाही! दोन वर्षांनी आली. मी तशीच पिठाच्या हातानं गळ्यात पडले. तिच्या काळ्या पोलक्यावर माझी दहाच्या दहा बोटं उमटली. "म्हातारी झालीस रत्ना, पण धसमुसळेपणा गेला न्हाई," म्हणाली. बोलली अन् खाली बसली. तीनच पायऱ्या चढली होती. छातीत नुसती शिट्टी वाजत होती.

लातूरला डॉक्टरला दाखवायला आणलंय. डॉक्टर म्हणाले दमा आहे, घरातली धूळ बंद करा नाहीतर घर बदला, असंच राहिलं तर या थंडीत दवाखान्यात ठेवावं लागेल. आता अक्काचं घर मोंढ्याला लागून. उजाडल्यापासून सोयाबीनची पोती आदळतात, चाळण्या चालतात, सगळा भुस्सा तिच्या घरात. रविकिरण आईला नांदेडला नेतो म्हणतो. पण तिथं तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्याकडं राहा म्हणून मी तर भाऊजी गेल्यापासून तोंड दुखेपर्यंत सांगते. "धाकटीच्या घरी कुठं राहत असतात का?" — झालं, विषय संपला!

म्हणून रविकिरणनं झाडायची मशीन घ्यायचं ठरवलंय. मोबाईलवर दाखवली. गोल, चपटी, कासवासारखी. आपली आपण घरभर फिरते म्हणे. मला कोणी विचारलं नव्हतं. पण मागच्या दिवाळीत माझ्या लेकानं, अमरेशनं, मला लाल मशीन आणली तेव्हापासून लातुरात माझ्याएवढं मशीनमधलं कळणारं कोण आहे? मी म्हटलं, "थांब! कासव घेऊ नको. तुमच्या औशाच्या घरात वीतभर उंच उंबरे. ते उंबऱ्याला डोकं आपटत बसंल. शहाबादी फरशीच्या फटीत माती, ती कासवाच्या तोंडात येत नसते. नळीवाली घे. नळीवालीच!"

अक्का हसली. हसता हसता खोकला लागला, मग पंप तोंडात मारला तेव्हा थांबली. पण हसली!

रिपोर्ट यायचे आहेत. रविवारपर्यंत अक्का आमच्याकडं. चार दिवस!!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रविकिरण पहाटेच नांदेडला ड्युटीवर गेला. मी जाता जाता गाडीच्या काचेतून सांगितलं — पाण्याची टाकीवाली घेऊ नको, रोज चिखल उपसावा लागतो. थैलीवाली बरी. हो हो म्हणाला अन् काच वर केली.

आज अक्काला मशीन चालवून दाखवली. पडदे खेचले, पंखा खेचला, सोफ्याच्या बेचक्या खेचल्या. मग थैली पेपरवर उलटी केली. केस, भुस्सा, शेंगाची फोलपटं, एक बटन! म्हटलं, "बघ, काल तू यावरच बसली होतीस!" आमची सून अंबिका लाजून लाल. "आत्याबाई, पाव्हण्यांना कशाला दाखवता आपल्या घरातला कचरा?" आता पाव्हणी कोण, माझी सख्खी बहीण ती. अक्का म्हणे, "दाखवू दे गं पोरी. लहानपणी दात पडला तरी साऱ्या गल्लीला दाखवून यायची ही."

मुरूडला गुरुबसप्पाला पण फोन लावला. आमचा सगळ्यात धाकटा भाऊ, शेती करतो. त्यालाही सांगितलं नळीवाली घे म्हणून. "रत्नाक्का, माझ्या घरी गोठा मोठा. तुझी मशीन म्हशीला चालती का?" मेला! साठ वर्षांचा झाला तरी तसाच.

जेवायला धपाटे केले, दही, शेंगाची चटणी. अक्कानं दोन खाल्ले. वाकून ताट उचलताना तिच्या गळ्यातला शिवदार दिसला, इष्टलिंगाचा दोरा. पार झिजून सुतळीसारखा झालाय. म्हटलं बदल की. "श्रावणात राहून गेला. आता आमच्या स्वामींना सांगते." तिचं लिंग पांढऱ्या कापडात बांधलेलं असतं, आपल्या आईचं होतं तसंच. चांदीची डबी नको म्हणते, टोचते.

अंबिकानं विचारलं, "मावशी, झोप लागली का?" "लागली गं. औशात मी मध्येच उठून बसते. इथं उठले न्हाई."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच डोक्यात आलं. अक्का न्हाणीत गेली की तिची गादी खेचून टाकायची! गादीतली धूळच छातीत जाते, हे मला मोबाईलवर एका बाईनं सांगितलंय. गेली न्हाणीत तसं मी बटन दाबलं. पांघरूण, उशी, गादी, सगळं खेचलं. छान चाललं होतं — अन् खट्! नळीत काहीतरी आपटलं अन् मशीन नुसती घूंऽऽ करायला लागली. कागदाचा कपटा उचलेना. बरं झालं अक्कानं पाहिलं नाही. कालपर्यंत एवढी फुशारकी मारली, आता काय तोंड दाखवू? गुपचूप कोपऱ्यात नेऊन ठेवली. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर सोमवारी येतो म्हणे. आता रविकिरणला काय सांगू, कासवच

अक्का ओरडली. बघून येते.

दुपार

अक्काचं लिंग नाही. गळ्यात नाही. अंग पुसून पूजेला हात गळ्याशी नेला तर काहीच नाही. दोरा कधी तुटला कळलंच नाही.

न्हाणी बघितली, मोरीची जाळी काढली. गादी उलटीपालटी केली, खाटेखाली अंबिका पोटावर सरपटली. जिना, अंगण, काल धुतलेली लुगडी. अमरेश दुकान बंद करून आला, त्यानं कोपऱ्यावरचा नळ बघितला. कुठंच नाही.

अक्का भिंतीला टेकून बसली आहे. लिंग सापडल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही. रोज पूजा केल्यावरच पाणी पिते, म्हणजे काल रात्रीपासून घसा कोरडा. गोळ्या नाहीत. पंप पुढं केला तर मान वळवली. "तोंडात काही जायचं न्हाई, रत्ना. सात वर्षांची होते तेव्हा बांधलंय स्वामींनी. एक दिवस गेला न्हाई." शिट्टी परत सुरू झाली आहे. रविकिरणला कळवलं, तो नांदेडहून निघाला.

मला काही सुचेना. बसून लिहीत आहे. देवा, शोधून दे.

संध्याकाळ

सापडलं!! सापडलं!!

गुरुबसप्पाचा फोन आला. अक्काचं ऐकून तो रडायलाच लागला. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, बाबा सगळंच उलटं चाललंय, माझी मशीनसुद्धा सकाळी बंद पडली, आवाज करते पण ओढत नाही. तर तो म्हणतो, "बंद पडली न्हाई रत्नाक्का. नळीत काहीतरी अडकलंय. आमच्या फवारणीच्या पंपाचं असंच होतंय. काय खेचत होतीस?"

मी म्हटलं, "गादी. अक्काची."

मग मी फोन तसाच टाकला अन् पळाले. नळी काढून उभी धरली, हळूहळू ठोकली. आधी दोऱ्याचं टोक आलं. मग पांढरं कापड, वळणात घट्ट बसलेलं. गाठसुद्धा सुटली नव्हती. मी ते पदरात घेतलं अन् तिथंच फरशीवर बसून रडले.

खरं लिहिते. इथं कोण वाचतंय? मनात आलं, खाटेच्या पायाजवळ मिळालं म्हणून सांगावं. कोणाला कळणार? मशीननं गिळलं म्हटलं तर ही परत माझ्या घरात पाय ठेवायची नाही. दारापर्यंत तेच घोकत गेले. पण अक्कानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी गूळ चोरल्यावर बघायची तसंच. सगळं सांगून टाकलं.

तिनं दोन्ही हात पुढं केले. लिंग कपाळाला लावलं. मग म्हणाली, "गादी झाडायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"हाव. तुला कधी कोणी सांगावं लागतंय!"

अमरेशनं मठातून पंचाक्षरी स्वामींना गाडीवर आणलं. त्यांनी लिंग पाण्यानं, विभूतीनं, बेलानं शुद्ध केलं, मंत्र म्हटले, नवा शिवदार घातला, स्वतःच्या हातानं अक्काच्या गळ्यात बांधलं. रागावले नाहीत. "दोरा बदलायला उशीर झाला, एवढंच तुमचं चुकलं, अम्मा," म्हणाले. अक्कानं पूजा केली. तीर्थ घेतलं. मग तांब्याभर पाणी. मग पंप. तेवढ्यात रविकिरण पोचला, घामानं भिजलेला, तिचं पाणी पिणं बघतच राहिला.

मी आता कोणालाही मशीनचं काही सांगणार नाही. शपथ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्वामींचा फोन. मठातल्या सतरंज्यांना कोणती मशीन चालेल म्हणून विचारत होते! आता स्वामींनी विचारल्यावर गप्प बसावं का? अर्धा तास सांगितलं. अंबिका स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होती. नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा, हे मात्र पहिल्यांदा सांगितलं. ते माझं नवीन शिक्षण.

अक्का माझ्याशी बोलते, पण मोजकं. मशीनचं नावच काढत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेली. रिपोर्टमध्ये तेच, धुळीपासून लांब ठेवा. रविकिरणनं दोन-चार वेळा मशीनचा विषय काढला, ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी जिभेला चावा घेऊन बसले होते. गाडीत बसताना "येते" म्हणाली नाही, हात पण केला नाही. फक्त नव्या शिवदाराला एकदा हात लावला.

मी वाट लावली. दोन वर्षांनी आली होती अन् मी तिचं लिंग खेचून घेतलं. औशात आता तोच भुस्सा, तीच शिट्टी. थंडी वाढायली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोन नाही. दुरुस्तीवाला आला, मशीन ठीक आहे म्हणाला. मी बटन दाबलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रविकिरणचा फोन. "मौशी, आई मशीन घेऊ नको म्हणते. कासव बी नको, तुझ्यासारखी नळीवाली बी नको." म्हटलं, अरे तिची छाती! तर मागून खोकत अक्कानंच फोन घेतला. "एका घरात दोन मशिनी काय करायच्या गं? तुझ्याकडं चार रात्री नीट झोपले मी. अन् धाकटीवर लक्ष ठेवायला मोठी लागतीच, दिसलं की मला. मात्र माझी गादी झाडायची तर आधी मला विचारायचं!"

सोमवारी येणार. २४ तारीख. पेटी घेऊन.