जाताना म्हणायचा शब्द

चंडीगड, जानेवारी १९७४

रघुवीर,

तुमचं नाव आजवर फक्त उखाण्यात घेतलं. आता कसला संकोच?

तुम्ही दिल्लीत दुसरा संसार थाटलात, तेव्हापासून मी सेक्टरातल्या मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ करून घेते. काल आपल्या लीनाचा निबंध तपासला, 'माझे वडील'. तिने इंग्रजीत लिहिलं होतं : 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणून बाबा गेले.

मी म्हटलं, "चूक आहे. जाणारा 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणतो."

"पर मम्मी, बाबा तो 'येतो' बोले थे!"

एरवी हिंदीतच बोलणाऱ्या पोरीने मराठीतला नेमका हाच शब्द जपून ठेवलाय. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ मानतात, हे दुसऱ्या कुणाच्या मुलीला मी सहज समजावलं असतं. हिला नाही जमलं. 'गोइंग' लिहून घेतलं.

"फिर आएंगे कब?" तिने विचारलं.

"आधी वाक्य पूर्ण कर," मी म्हटलं.

तुमचा पत्ता आहे माझ्याकडे. तरी हे पत्र पेटीत टाकणार नाही. उत्तरात तुम्ही पुन्हा 'येतो' असंच लिहाल, आणि ते ती वाचेल.

लीनाची आई