दुभाष्याने साखर घालू नये

मी, गोदूबाई गुणाजी शिगवण, वय चौऱ्याहत्तर, राहणार टिटवाळा पूर्व, शिक्षण चौथी आणि तेही अर्धे, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत लावला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू बघणारा एकच माणूस होता, तो नऊ वर्षांपूर्वी वारला, आणि त्यालाही ते जमले नव्हते. यातले कायद्याचे शब्द दुसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्रा वकिलांचे आहेत. बाकीचे माझे आहेत, ते बदलू नयेत.

१. टिटवाळ्याची राहती खोली मुलगी नीला हिला द्यावी. ही खोली आमच्या यजमानांच्या आंबिवलीच्या कंपनीतल्या नोकरीतून आणि मी डंकावर कांडलेल्या मसाल्यातून उभी राहिली आहे. नीला डोंबिवलीहून महिन्यातून दोनदा येते, भांडते, फरशी पुसते आणि जाते. अशा माणसाला खोलीचा उपयोग असतो. मुलगा प्रीतम याचे जर्मनीत स्वतःचे घर आहे, त्याने यात वाटा मागू नये. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मे करावे.

२. मसाला भाजायची मोठी लोखंडी कढई, तिन्ही चाळण्या आणि खलबत्ता खालच्या चांगदेव कांबळ्यांची मुलगी मेघना हिला द्यावा. का, ते पुढे येईल.

३. आमच्या जाऊबाईंनी माझ्या लग्नातली पितळी परात नेली आहे. ती आता परत मागू नये. तिला आयुष्यभर त्या परातीत कणीक मळताना माझी आठवण येत असणार. तेवढे पुरे.

४. हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे. क्षिप्रा म्हणाली, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, बसव.

प्रीतमची मुलगी रसिका तिकडेच जन्मली. ती लहानपणी उशिरा बोलू लागली, तेव्हा तिथल्या बालवाडीतल्या बाईंनी सांगितले, घरात एकच भाषा बोला. प्रीतम आणि सून दीप्ती घाबरले आणि घरात जर्मन बोलू लागले. पोरगी बोलू लागली, ती थांबतच नाही म्हणे. मराठी मात्र शिकायची राहून गेली. त्यामुळे मी आणि माझी नात बारा वर्षे प्रीतमच्या तोंडाने बोललो.

मी दर उन्हाळ्यात नाचणी भिजवायची, मोड आणायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि गच्चीवर सुकवून तिच्यासाठी सत्त्व पाठवायची. फोनवर ती काहीतरी बोलायची आणि प्रीतम सांगायचा, "आई, ती म्हणते फार आवडलं, अजून पाठव." मी अजून पाठवायची.

गेल्या गणपतीत व्हिडिओवरचा फोन चालू असताना प्रीतम दार उघडायला उठला. मेघना माझ्यापाशी मेथी निवडत होती. ती नर्स आहे, तिकडे नोकरीला जायचे म्हणून ठाण्याला क्लास लावून जर्मन शिकली आहे. रसिका फोनमध्ये काही बोलली आणि मेघनाचा हात थांबला.

"काय म्हणते?"

"जाऊ दे ना आजी."

"मेघना, कढई हवी आहे ना तुला?"

"ती म्हणते, ते पीठ ओल्या भिंतीसारखं लागतं. कपाटात नऊ पाकिटं पडली आहेत. आजीला सांगा, या वयात एवढी मेहनत करू नका."

मी म्हटले, तिला विचार, हे ती आधी का बोलली नाही. पोरगी म्हणाली, दर वर्षी हेच बोलते.

मग मी विचारले, मी पाठवते त्या पिशवीतले काय आवडते? तर आमसुलं. पिशवीचे कोपरे भरायला मी मूठ मूठ कोंबायची, तीच पोरगी चोखून खाते. मग तिने विचारले, तुम्ही नेहमी आशीर्वादच का देता? मी कधी दिले? मी तर म्हणायची, केस विंचर, खराट्यासारखे दिसतात. प्रीतम सांगायचा, आजी म्हणते तू परी आहेस. मेघनाने खराटा तसाच्या तसा सांगितला, तशी पोरगी खुर्चीवरून घसरली हसून. म्हणाली, "मला वाटायचं, आजी म्हणजे शुभेच्छापत्र आहे."

प्रीतम परत आला तो आम्हा तिघींची तोंडे बघतच राहिला.

त्याला मी दोष देत नाही. हे मीच शिकवले. यजमानांचा आणि माझा आठ-आठ दिवस अबोला असायचा आणि हा एवढासा मध्ये फिरायचा. ते म्हणायचे, भाजीत मीठ नाही. हा येऊन सांगायचा, बाबांना अजून भाजी हवी. मी वाढायची, ते खायचे. मला सगळे कळत होते आणि मी त्याला शहाणा म्हणायची.

म्हणून माझी इच्छा अशी: हे मृत्युपत्र रसिकाला मेघनाने वाचून दाखवावे, मग मेघना टिटवाळ्यात असो वा जर्मनीत. खराट्यासकट. प्रीतमने शेजारी बसावे, रडायचे तर रडावे, पण "म्हणजे आजीला असं म्हणायचं आहे" हे वाक्य बोलू नये. बोलला तर त्याच्यासाठी ठेवलेले त्याच्या बापाचे घड्याळही नीलाला जाईल.

५. गावी आमच्या वाट्याच्या परड्यात रातांब्याची दोन झाडे आहेत. जमीन पुतण्या रघु याने कसावी, पण त्या दोन झाडांची आमसुलं दर वर्षी रसिकाला पोचवावीत. तिने कोणाला "फार आवडलं" असे कळवायची गरज नाही. डबा रिकामा झाला की कळवावे.

६. दहाव्याला माझे गुण गाऊ नयेत. ज्यांना माझा राग आहे त्यांनी तो तेव्हाच बोलून टाकावा आणि जेवून जावे.

७. वाचून झाल्यावर रसिका काय म्हणाली ते मेघनाने माझ्या फोटोसमोर उभे राहून मराठीत सांगावे. कंटाळवाणे होते म्हणाली, तर कंटाळवाणे होते असेच सांगावे.

नीला हिने हे सर्व अमलात आणावे.

टिटवाळा, दि. ११ जानेवारी २०२६

सही: गोदूबाई गुणाजी शिगवण

आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही, चहा सोडून:
१. मीराबाई सखाराम पाष्टे, शेजारी
२. सर्वेश दिनकर भोईर, सोसायटीचे सेक्रेटरी

कलम ४ आणि ७ मान्य. आजी म्हणाल्या कढई जड आहे, आत्ताच घेऊन जा. मी नाही म्हटलं. त्यांनी हसून मला बावळट म्हटलं, हेही रसिकाला सांगेन.
मेघना चांगदेव कांबळे