एकाच अणूची दोन उत्तरं

मी, खाली सही करणारी, निवृत्त प्राध्यापिका, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणायला घरात कोणी नाहीच. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण ते कायद्याला लागत नाहीत.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावे. ती दर रविवारी फोन करून "मावशी, जेवलीस का?" असं विचारते आणि मी हो म्हणते. निम्म्या वेळा ते खोटं असतं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. स्वयंपाकघरातला माझा गणिताचा फळा तिने खुशाल काढून टाकावा.

२. बँकेतील शिल्लक मी जिथे शिकवलं त्या भौतिकशास्त्र विभागाच्या ग्रंथालयास द्यावी. माझ्या नावाची पाटी लावू नये. लावलीच तर स्पेलिंग चुकवतील, हे मला ठाऊक आहे.

३. विभागात माझ्या समोरच्या खोलीत बसणाऱ्या प्राध्यापकांवरचा राग मी या कागदाद्वारे सोडत आहे. ते वारल्याला नऊ वर्षे झाली, तेव्हा उशीर झाला हे कबूल. प्रकाश आणि अणू यांचा व्यवहार वेगवेगळ्या पद्धतींनी मांडता येतो. त्यांना आम्ही गेज म्हणतो. जिन्याच्या पायऱ्या वरून मोजा की खालून, तितक्याच भरतात. तसं कोणत्याही गेजमध्ये उत्तर एकच यायला हवं. पण प्रकाश अणूला फार घट्ट बिलगला की आमची दोघांची उत्तरं वेगळी येत. मी म्हणे, तुमचं गेज चुकीचं. ते म्हणत, तुमचं. अकरा वर्षं आम्ही एकाच किटलीतला चहा एकमेकांकडे पाठ करून प्यायलो.

४. हे कलम लिहायला तीन आठवडे लागले. माझी एक विद्यार्थिनी होती. शाईला हात लावत नसे, म्हणून विभागात सगळे तिला पेन्सिल म्हणत. गणित सोपं व्हावं म्हणून मी आणि समोरचे प्राध्यापक, दोघंही अणूच्या ऊर्जेच्या असंख्य पातळ्यांतल्या दोनच ठेवायचो. ती एकदा म्हणाली, "मॅडम, भांडण गेजचं नाहीच. अणू दोन पातळ्यांवर कापला की त्याला धरून ठेवणारं पोटेन्शियलही बदलतं. ते बदललेलं रूप प्रकाशाशी जोडायचं राहिलंय. जोडून बघा, उत्तरं जुळतात."

"शहाणपणा पुरे," मी म्हटलं.

पुढे ती दुसऱ्या संस्थेत गेली आणि तिथून तिने हेच मांडणारा शोधनिबंध एकटीच्या नावाने छापायला पाठवला. परीक्षणाला तो नेमका माझ्याकडे आला. आपल्या विद्यार्थ्याचा निबंध असेल तर परत करायचा, असा नियम आहे. मी केला नाही. त्यावर माझं नाव नव्हतं म्हणून माझा जीव जळत होता. गणित बिनचूक होतं. मी लिहिलं, "नवीन काही नाही," आणि नाकारला.

परीक्षक कोण, हे लेखकाला कळत नाही. नकाराचं पत्र घेऊन ती माझ्याकडेच आली, माझ्या टेबलाशी बसून रडली. मी पाणी दिलं. म्हटलं, "चालायचंच गं."

तिने संशोधन सोडलं, शाळेत शिकवू लागली. चार वर्षांनी तीच गोष्ट दुसऱ्यांनी छापली आणि वाहवा मिळवली. माझ्या वाढदिवसाला अजून तिचा फोन येतो. तो वाजून थांबेपर्यंत मी शेजारी बसून राहते.

५. माझ्या सहीची कबुली व परीक्षणाची प्रत मी तिच्या हाती देणार आहे. ती छापायला पाठवायची की फाडायची, तिचं तिने ठरवावं. हे सगळं माझ्या मृत्यूनंतर तिला कळवावे, असं आधी लिहिलं होतं. मग लाज वाटली. मेल्यावर ती कोणावर रागावणार?

६. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून या कागदात मी तिला काहीही दिलेलं नाही, आणि साक्षीला तिलाच बोलावलं आहे. सहीआधी तिने कलम चार माझ्यासमोर वाचावं. मी खुर्चीतून उठणार नाही. दोन साक्षीदार लागतातच, ती सही न करता निघून गेली तर हा कागद रद्दी, असं वकिलांनी बजावलं आहे. तिला तेवढा हक्क आहे.

मृत्युपत्र करणार: निवृत्त प्राध्यापिका
साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे शिंपी
साक्षीदार दुसरी:
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ती येईल तो